अजून एक वर्ष थांब

गिरीज, वसई
६ ऑक्टोबर १९९६

प्रिय ताई,

खूप महिन्यांनी लिहिते आहे. रागावली असलीस तरी उत्तर लिही. आईच्या मातीला तू आली होतीस, त्याला आता अडीच वर्षं झाली. तुझ्या होस्टेलवर फोन केला की सिस्टर आधी माझं नाव विचारतात, मग काम विचारतात, आणि तू आलीस की आपण दोघी हवापाण्याचं बोलून फोन ठेवून देतो. त्यापेक्षा पत्र बरं.

इकडे सगळे ठीक. सेबेस्टियन बँक आणि वाडी दोन्ही सांभाळतात. यंदा केळीला घड चांगले धरलेत. पप्पा आता आमच्याकडेच राहतात, मागच्या खोलीत. तब्येत ठणठणीत आहे, अजून विहिरीचं पाणी स्वतः काढतात.

पत्राचं कारण जोविता. ऑगस्टमध्ये सहा वर्षांची झाली. पहिलीत आहे, पण बाकावर बसवत नाही तिला. शाळेतून आली की दप्तर टाकून पळाली. पाऊस संपून चर्चचं मैदान सुकलं आहे आणि तिथे लहान मुलांची हॉकीची बॅच सुरू झाली आहे. तू नाशिकला एवढ्या मुलींना खेळ शिकवतेस, म्हणून तुला विचारते. मूल कितव्या वर्षी हॉकीला घालावं? कुणी म्हणतं आठ, कुणी म्हणतं दहा. सहाव्या वर्षी मनगट वळतं तसं पुढे वळत नाही, असंही म्हणतात. ती तयार आहे की नाही हे आईने कशावरून ओळखायचं?

तू कितव्या वर्षी सुरू केलंस ते मला नीट आठवत नाही.

जोवी तुला पापा पाठवते.

तुझी,
अँजेलिना

*

नाशिक
१७ ऑक्टोबर १९९६

प्रिय अँजू,

रागावलेली नाही. जोवीचा फोटो पाठव, माझ्याकडचा बाप्तिस्म्याचा आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. आठ वर्षांपर्यंत तिला सगळे खेळ खेळू दे. पळू दे, झाडावर चढू दे, चेंडू फेकू दे आणि झेलू दे. मग कमरेएवढी हलकी स्टिक दे आणि टेनिसचा चेंडू दे. खरा चेंडू दहाव्या वर्षाआधी नको, आणि तोही पायाला पॅड बांधल्याशिवाय नको. आठवड्यातून दोन दिवस, अर्धा तास. अर्ध्या तासानंतर ती अजून मागत असेल तर चांगलं, पण तरी थांबवायचं.

तयार आहे हे कशावरून ओळखायचं, तर मी माझ्या शाळेत एक गोष्ट बघते. मुलगी मला "बाई, आज नको" असं म्हणू शकते का. जिला नको म्हणता येतं तिला मी घेते. जी नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहते तिला घेत नाही, मग ती कितीही वेगाने पळू दे.

आता माझा प्रश्न. "सहाव्या वर्षी मनगट वळतं तसं पुढे वळत नाही," हे वाक्य मी ओळखते. जगात एकच माणूस ते म्हणतो. तू बॅच कोण घेतं ते लिहिलं नाहीस.

मी सहाव्या वर्षी सुरू केलं, अँजू. तुला ते आठवत नाही असं होणार नाही.

कॅथरिन

*

गिरीज
३ नोव्हेंबर १९९६

प्रिय ताई,

हो, बॅच पप्पाच घेतात. लपवलं कारण तू असंच लिहिशील हे मला माहीत होतं. जोवी गेला महिनाभर जाते आहे.

काल मृतांचा दिवस होता. आईच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या, तुझ्या नावाचीही एक लावली. तिथे उभी असताना ठरवलं की तुला सरळ लिहायचं.

पप्पा बदललेत. अडुसष्ट वर्षांचा माणूस आहे तो आता. जोवीसाठी त्यांनी एक जुनी स्टिक कापली, घासली, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली. तीन दिवस ओट्यावर बसून करत होते. मैदानावर तिने चेंडू नीट अडवला की हसतात. तू त्यांना हसताना बघितलंयस का कधी? मी तेहेतीस वर्षांत बघितलं नव्हतं.

आणि एक गोष्ट तुला कधी बोलले नाही ती आज लिहिते. दर वर्षी पाऊस संपला, मैदान सुकलं, की मी फाटकाशी उभी राहायची. तुम्ही दोघं निघायचात. पुढे पप्पा, मागे तू, खांद्यावर स्टिक. मी विचारायची, "पप्पा, मी येऊ?" ते म्हणायचे, "अजून एक वर्स थांब. तू तयार नाही." सहाव्या वर्षी, सातव्या वर्षी, आठव्या, नवव्या. दहाव्या वर्षी मी विचारलं नाही. मला वाटायचं माझ्या हातापायांत काही खोट आहे. आरशासमोर उभी राहून शोधायची.

तुला अकरा वर्षं मिळाली त्यांची. मला एक दिवस मिळाला नाही. आता माझ्या मुलीकडे बघून ते म्हणतात, "ही तयार आहे." त्यांनी माझी मुलगी निवडली आहे, ताई. एवढं मला घेऊ दे.

अँजेलिना

*

नाशिक
१५ नोव्हेंबर १९९६

प्रिय अँजू,

तू फाटकाशी उभी असायचीस हे मला आठवतं. त्याबद्दल आज काही लिहीत नाही.

आज फक्त मैदानावरचं लिहिते, कारण तू फाटकाच्या आत होतीस आणि ते तुला दिसलं नाही. पहाटे भुईगावच्या वाळूत धावायचं, अनवाणी. मग मैदानावर येऊन शंभर पुश, शंभर फटके. चुकलं की ते त्यांच्या स्टिकची मूठ माझ्या पोटरीवर मारायचे. जोरात नाही. पण त्याच जागी. पॅड त्यांनी कधी बांधू दिले नाहीत. "पॅड बांधलं की भीती शिकते," असं म्हणायचे. आणि दुखलं तर सांगायचं नाही. रडलं तरी चालेल पण सांगायचं नाही, कारण सांगितलं की आई बंद करील.

सतराव्या वर्षी महाराष्ट्र संघाच्या पुण्यातल्या कॅम्पला निवड झाली, हे तुला माहीत आहे. त्याआधी सात आठवडे माझ्या नडगीच्या हाडाला चीर होती, हे तुला माहीत नाही. मी त्यावर पळत होते. तो पाय वाचवत पळण्यात दुसरा खुबा गेला. कॅम्पच्या तिसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढला आणि मला घरी पाठवलं. पुण्याहून वसईपर्यंत एस.टी.त पप्पा एक शब्द बोलले नाहीत. गावात सांगितलं की पोरीने सोडलं. पुढे काही वर्षांनी सांगायला लागले की पोरगी महाराष्ट्राकडून खेळली. मी महाराष्ट्राची जर्सी अंगात घातलेली नाही, अँजू. कपाटावर घडी करून ठेवलेली लांबून बघितली.

मी एकोणचाळीस वर्षांची आहे आणि खुर्चीत बसून मुलींना पळवते. डॉक्टर म्हणतात खुबा बदलावा लागेल.

ते हसत असतील. माझ्या वेळीही पहिला महिना हसत होते.

आठ वर्षांपर्यंत थांब. नाहीतर दुसरा कुणीही शिकवणारा शोध. मी कधी तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे मागते.

कॅथरिन

*

गिरीज
८ डिसेंबर १९९६

ताई,

तुझं पत्र मी पप्पांना वाचायला दिलं. लपवण्यासारखं काही नव्हतं त्यात. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "पुन्याला तिला कोनी नेलं होतं? माझ्याशिवाय तिला कोन ओळखतं?" मग जेवले नीट. मला वाटलं होतं चिडतील.

सेबेस्टियन म्हणतात की तुमच्या दोघींच्या भांडणात मुलीला ओढू नका. त्यांना कधीतरी वाटतं की जोवी थकते, पण रविवारी मिस्सा संपल्यावर लोक येऊन म्हणतात "तुमची मुलगी काय खेळते हो," तेव्हा तेही ऐकत उभे राहतात.

खरं सांगू? तुझं पत्र वाचून मला वाटलं, तुला जमलं नाही म्हणून दुसऱ्या कुणालाही जमू नये असं तुला वाटतंय. वाईट वाटेल तुला. मलाही वाईट वाटलं होतं दर वर्षी.

जोवी खूप सुधारली आहे. परवा एका मोठ्या मुलाचा फटका तिच्या नडगीवर बसला, तिने हूं की चूं केलं नाही. पप्पांनी सगळ्या मुलांना थांबवून सांगितलं, "बघा, अशी पायजे पोरगी." मी तिथे होते. माझे डोळे भरून आले. घरी मात्र आळशी झाली आहे हल्ली. शाळेत जाताना पाय ओढत चालते, जिन्यावर बसून राहते, पूर्वीसारखी झाडावर चढत नाही. पप्पा म्हणतात, खेळाडू आपली ताकद राखून ठेवतो.

नाताळच्या आठवड्यात, एकोणतीसला, चर्चच्या मैदानावर छोट्यांचा सामना आहे. फादर बक्षीस देणार आहेत. तू आलीस तर बरं होईल. येणार नाहीस हे माहीत आहे.

अँजेलिना

*

नाशिक
१३ डिसेंबर १९९६

अँजू,

पत्र मिळाल्या मिळाल्या तिचा पाय बघ. जिथे फटका बसला त्याच्या आजूबाजूला हाडावर अंगठ्याने दाब. दुखतं का असं विचारू नकोस, ती नाही म्हणेल. दाबताना तिचा चेहरा बघ.

माझ्यावर नंतर रागाव. आधी हे कर.

कॅथरिन

*

गिरीज
१९ जानेवारी १९९७

ताई,

नाताळाला तुला कार्डही पाठवलं नाही. आता सगळं लिहिते.

जोवीच्या उजव्या नडगीच्या हाडाला चीर आहे. प्लास्टर घातलंय, अजून चार आठवडे राहील. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून मला विचारलं, "किती दिवसांपासून लंगडते?" मी म्हटलं, लंगडत नव्हती. ते म्हणाले, "बाई, साडेतीन-चार आठवडे तरी झालेत याला. मुलगी यावर चालली कशी?" चालली नाही, पळाली. मी ते त्यांना सांगितलं नाही.

एकोणतीसला सामना झाला. जोवीची बाजू जिंकली. ती शेवटी शेवटी एका जागी उभी राहून खेळत होती, मला वाटलं पप्पांनी तसं सांगितलं असेल. बक्षिसाच्या वेळी फादर होते, सगळं गाव होतं. पप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फादरना म्हणाले, "ही माझी धाकटी. हिचीच पोर." ताई, त्यांचा हात किती जड आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

घरी येऊन मी तिचे मोजे काढले तर पाय सुजलेला. तू सांगितलं तसं दाबलं. ती काही बोलली नाही. ओठ पांढरे झाले आणि दोन्ही हातांनी तिने चटई धरली. मी विचारलं, "बाळा, मला सांगितलं का नाहीस?" तर म्हणाली, "आजोबा म्हणाले, सांगितलं की आई बंद करील."

आता ऐक. तुझं पत्र मला सतरा तारखेला मिळालं होतं. पोस्टमनने हातात दिलं, केळीच्या वाफ्यात उभ्याउभ्या वाचलं. मग घडी करून पोलक्यात ठेवलं. बारा दिवस मी तिच्या पायाला हात लावला नाही. आंघोळ सेबेस्टियनना घालायला सांगितली, मला नाताळाचा फराळ करायचाय म्हणून. दाबलं आणि दुखलं तर सामना जाईल, एवढंच डोक्यात होतं. मला सामना हवा होता. तो खांद्यावरचा हात हवा होता. हे मी सेबेस्टियनना सांगितलेलं नाही, पापनिवेदनाला गेले तिथेही पूर्ण सांगितलं नाही. तुला सांगते आहे.

पप्पांना विचारलं तर म्हणाले, "दोन म्हैन्यात बरी होईल. कॅथरिनलाबी झाली होती." म्हणजे त्यांना माहीत होतं, ताई. तुझं तेव्हाच माहीत होतं. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले आणि घरातून जा म्हटलं. ते ट्रंक घेऊन रॉबर्टदादाकडे राहायला गेले. चुलत असला तरी तो त्यांना कधी काही विचारत नाही.

जाताना दारात उभे राहून एक बोलले. म्हणाले, "मला कशाला दोस देतेस? तू तयार नाही असं मी माझ्या मनाने कदी म्हटलं नाही. मी कॅथरिनला विचारायचो. ती म्हनायची."

खरं आहे का हे? एवढंच लिही. हो किंवा नाही.

अँजेलिना

*

नाशिक
२ फेब्रुवारी १९९७

प्रिय अँजू,

हो.

इथेच थांबले असते तर तुला बरं वाटलं असतं की वाईट, मला कळत नाही. पण तू मला बारा दिवसांचं लिहिलंस, मग मला चार वर्षांचं लिहायला हवं.

मैदानावरून परत येताना ते मला विचारायचे. दर वर्षी, पहिल्या आठवड्यात. "आनू का धाकटीला?" मी म्हणायची, "अजून तयार नाही, पप्पा. रडते ती." ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी फाटकाशी तुला तेच सांगायचे. मी मागे उभी राहून तुझ्याकडे न बघता स्टिकची मूठ आवळायची.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी तुला वाचवलं. नाशिकला इथे मैत्रिणींनाही सांगितलंय, की धाकट्या बहिणीला मी यातून सोडवलं. तुझं पत्र आल्यावर बसून वर्षं मोजली. तू विचारायचं थांबवलंस तेव्हा मी सोळा वर्षांची होते. माझ्या हाडाला चीर गेली सतराव्या वर्षी. तोपर्यंत तुला वाचवण्यासारखं मला काही माहीतच नव्हतं. मार होता, पण त्या माराचं मला काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच होता.

तू सहा वर्षांची असताना वाडीत नारळाची गळलेली बोंडं झावळीच्या दांड्याने मारत बसायचीस. मी माडाआडून बघितलं होतं. कुणी न शिकवता तुझं मनगट वळत होतं. माझं दोन वर्षं मार खाऊन वळलं होतं. मैदानाहून घरी यायला वीस मिनिटं लागायची, आणि त्या वीस मिनिटांत पप्पा माझ्याशी बोलायचे. घरी कुणाशीच बोलायचे नाहीत. तू आलीस तर ते तुझ्याशी बोलतील, हे मला बाराव्या वर्षी कळत होतं. म्हणून नाही म्हटलं.

तुझ्या हातापायांत कुठे खोट नव्हती.

माफी मागायला मला तोंड नाही. जोवीचं प्लास्टर निघालं की पाय बारीक दिसेल, घाबरू नकोस. कोमट तेलाने चोळ, आणि तिला घाईने चालायला लावू नकोस.

कॅथरिन

*

गिरीज
२ मार्च १९९७

ताई,

तुझं पत्र चारदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, खोटं लिहिलं असतंस तर किती बरं झालं असतं. त्याबद्दल मी आज काही लिहिणार नाही. पुढेही लिहीन असं वाटत नाही.

जोवीचं प्लास्टर निघालं. चालते. फारशी बोलत नाही माझ्याशी. आजोबा तिच्यामुळे गेले असं तिला वाटतं, आणि तिने सांगितलं असं वाटतं. मी समजावलं की तू काही सांगितलं नाहीस, मी पाय दाबून बघितला. तर म्हणाली, "मग तू का दाबलास?"

लिहिण्याचं कारण वेगळं. पप्पांनी मैदानावर पुन्हा बॅच सुरू केली आहे. पाच मुलं येतात. आमच्या शेजारच्या डायनाची सोनू त्यांत आहे, साडेपाच वर्षांची. रोज पहाटे भुईगावला पळवतात. मी डायनाकडे गेले आणि सगळं सांगितलं, एक्स-रे दाखवला. तिने चहा केला, सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "अँजू, तुझ्या पोरीला नाही झेपलं, म्हणून माझ्या पोरीनेही खेळू नये का?" मला तिच्यावर रागावता आलं नाही. डिसेंबरात मी तुला हेच लिहिलं होतं.

फादरना भेटले. ते म्हणाले, आईबापांची तक्रार नसेल तर मी म्हाताऱ्या माणसाला मैदान कसं बंद करू?

माझं कुणी ऐकणार नाही. तुझं ऐकतील, कारण पप्पा सगळ्यांना तुझंच नाव सांगतात. महाराष्ट्राकडून खेळलेली माझी पोरगी. तू ये. त्या आयांसमोर मैदानावरून चालत जा, जशी आता चालतेस तशी. आणि मग त्यांना सांग.

मी माफ केलंय म्हणून बोलावते आहे असं समजू नकोस.

अँजेलिना

*

नाशिक
८ मार्च १९९७

प्रिय अँजू,

ईस्टरनंतर शाळेला चार दिवस सुट्टी आहे. सहा एप्रिलला, रविवारी, सकाळी पोचते. कामणवरून येणाऱ्या एस.टी.ने येईन. घ्यायला कुणी येऊ नये.

काय बोलायचं ते लिहून काढलं आहे. पाठही केलं आहे. मला भीती वाटते, पण येते.

कॅथरिन

*

गिरीज
१३ एप्रिल १९९७

ताई,

तू न जेवता दुपारच्या गाडीने निघून गेलीस. मी कोळंबीचं कालवण केलं होतं. फाटकापर्यंत आले तर तू रिक्षात बसलेली. म्हणून हे पत्र.

मी चर्चच्या भिंतीशी जोवीला घेऊन उभी होते, मला सगळं दिसलं. तू मैदानावर आलीस, काठी टेकत. आया बघायला लागल्या. डायना उठून उभी राहिली. मला वाटलं, आता कळेल यांना. पप्पा तुझ्याकडे बघत होते. तीन वर्षांनी बघत होते तुला. मग त्यांनी शिट्टी वाजवली, पाचही मुलांना ओळीत उभं केलं आणि म्हणाले, "ही माझी कॅथरिन. महाराष्ट्राकडून खेळली. पाय दिला खेळासाठी, पन मागे हटली नाही. टाळ्या वाजवा." आणि पोरं टाळ्या वाजवायला लागली. आयासुद्धा. त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला.

तू हसलीस, ताई.

टोमणा मारत नाही. तो हात कसा असतो मला माहीत आहे. त्या क्षणी मी तुझ्या जागी असते तर मीही हसले असते. पण "महाराष्ट्राकडून मी खेळले नाही," हे तू तेव्हा म्हणायला हवं होतंस. तू नंतर बोललीस, बराच वेळ बोललीस, चिरेचं सांगितलंस, खुब्याचं सांगितलंस. मी ऐकत होते. पण त्याआधी टाळ्या झाल्या होत्या. त्यांना ते सगळं एका मोठ्या खेळाडूने सोसलेलं वाटलं. डायनाने डोळे पुसले आणि सोनूला पुढे ढकलून म्हणाली, "मावशीच्या पाया पड." तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास, मग तुझं लिहून आणलेलं संपायच्या आतच गप्प झालीस.

एका आईने ऐकलं. तिचा नवरा रेल्वे पोलिसात आहे, तिने आपला मुलगा काढला. बाकीचे चार आहेत. गुरुवारपासून आणखी दोन आलेत, महाराष्ट्राची खेळाडू स्वतः येऊन गेली असं गावात कळल्यावर. पप्पा मला रस्त्यात भेटले तर म्हणाले, "बरं केलंस तिला बोलावलंस."

आपल्या दोघींचं काय, ते मला माहीत नाही. तू पत्र लिहिलंस तर मी वाचेन. उत्तर देईन की नाही हे आज सांगत नाही. खुब्याच्या ऑपरेशनची तारीख मात्र कळव.

जोवीला आम्ही चित्रकलेच्या वर्गाला घातलंय. जाते, गुमान येते. डॉक्टर म्हणाले, पाय पूर्ण बरा आहे, वर्षभराने हवं ते खेळू दे. मी तिला विचारलं, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाकडे शिकशील का? ती माझ्या तोंडाकडे नुसती बघत राहिली.

परवा सकाळी अंधार असतानाच जाग आली, तर ती अंथरुणात नव्हती. बाहेर पायरीवर बसली होती. बूट घातलेले, नाड्या बांधलेल्या, केस स्वतःच विंचरलेले. रस्त्यावरून सोनू आणि बाकीची मुलं भुईगावच्या दिशेने पळत गेली, मागून पप्पा सायकलवर. त्यांनी आमच्या घराकडे बघितलं नाही. ती ताठ बसून होती, ते वळणावरून जाईपर्यंत. मग तिने बूट काढले, कोपऱ्यात नीट लावले आणि येऊन झोपली.

सेबेस्टियन म्हणतात, महिनाभर रोज असंच चाललंय. त्यांना वाटलं होतं मला माहीत आहे.

अँजेलिना